बेसबॉलची ती पोरं

कॉलेजात असताना नागपूरच्या वसतिगृहात माझ्या खोलीत पारशिवनीची एक मुलगी होती. तिच्या फोनवर आम्ही दोघी मिळून एक जपानी चित्रकथा वाचायचो. एका शाळेच्या बेसबॉल संघाची गोष्ट. दर आठवड्याला नवा भाग यायचा आणि कोणीतरी त्याचं इंग्रजी करून टाकायचं. पानं उजवीकडून वाचायची असतात हे आम्हाला तीन भाग उलटे वाचून झाल्यावर कळलं. बेसबॉल तर दोघींनीही कधी पाहिला नव्हता. एकदा तिने फरशीवर चार वाट्या मांडल्या, शेंगदाण्यांचे खेळाडू केले आणि धाव कशी होते ते मला समजावलं. समजल्यावर आम्ही खेळाडू खाऊन टाकले.

आमचा लाडका मुलगा चेंडू टाकणारा होता, पण कायम राखीव. तो मैदानात कधी उतरतो याची वाट पाहण्यात आमची दोन वर्षं गेली.

मग तिचं लग्न झालं. नरखेडकडच्या गावात, संत्र्याची बाग असलेल्या घरात. नवा भाग आला की मी तिला कळवायची. तिची उत्तरं उशिरा येऊ लागली, मग नुसता अंगठा, मग तेही नाही. मी नागपुरातच राहिले. एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर नोकरी आणि भाड्याची एक खोली. बुधवारी डबा खाताना नवा भाग वाचायचा. त्या गोष्टीतला एकेक सामना सात-आठ महिने चाले. माझे कानाजवळचे केस पांढरे झाले तेव्हा ती मुलं जेमतेम बारावीत आली होती. बारा वर्षांत त्यांच्याविषयी मी कोणाशी एक शब्द बोलले नाही. बोलणार तरी कोणाशी?

गेल्या हिवाळ्यात मालिका संपणार असल्याचं जाहीर झालं. त्या रविवारी मी तिला फोन केला आणि एसटीने तिच्या गावी गेले. तिने पोटभर जेवू घातलं, बाग दाखवली, सासूबाईंशी ओळख करून दिली. घरात माणसांची ये-जा होती, मला विषय काढता येईना. शेवटी भांडी आवरताना सांगितलं. ती हातातलं ताट तसंच धरून थांबली.

"ते पोरं अजून खेळूनच राहिले काय वं?"

हो, शेवटचा सामना चालू आहे, मी म्हटलं. मला सोडायला ती फाट्यापर्यंत आली. तिथे तिने सांगितलं की लग्नानंतर काही महिन्यांनी तिचा फोन बंद पडला आणि पुढे तीन वर्षं तिच्याकडे स्वतःचा फोनच नव्हता. मिळाला तोवर इतके भाग पुढे गेले होते की उघडायचा धीर झाला नाही.

"मले वाटलं, तू पुढे निघून गेली," ती म्हणाली. "मांगून येणाऱ्याले कोन थांबते?"

मी थांबले असते, हे मला म्हणता आलं नाही. मी तिथेच उभ्या उभ्या तिला गोष्ट सांगायला लागले. आमचा मुलगा पहिल्यांदा मैदानात उतरतो त्या सामन्यापर्यंत आले आणि गाडी आली. बाकीचं फोनवर सांग, असं ती म्हणाली.

फोन दोनदा झाला. दुसऱ्यांदा तिला कोणीतरी हाक मारली आणि बोलणं अर्धवट राहिलं. पुढे संत्र्याची तोडणी सुरू झाली.

शेवटचा भाग मी दुपारी, खिडकीवरची गर्दी ओसरल्यावर वाचला. आमचा संघ हरला. मुलांनी रांगेत उभं राहून मैदानाला वाकून नमस्कार केला, आणि संपलं. मी तिला तेवढाच एक शब्द पाठवला, 'संपलं.' तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, 'कोन जिंकलं?' मी लगेच फोन लावला, तो नुसता वाजत राहिला.

मग मी लिहिलं की आपला पोरगा शेवटच्या चेंडूपर्यंत मैदानात होता. हरल्याचं लिहिलं नाही. तिनेही पुन्हा विचारलं नाही.