शेवगाव ते भंडारदरा: माहेरच्या पाण्यामागं

मी बोलते, ऋतुजा लिहिते. अक्षरांशी माझी कधी ओळख झाली नाही, तेव्हा चुका सगळ्या तिच्या.

ऋतुजा माझी नात. नगरला सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन नोकऱ्या चालून आल्या. एक पुण्यात गारेगार ऑफिसात बसून बंगल्यांचे नकाशे काढायची, दुसरी रानोमाळ हिंडून जुनी धरणं तपासायची. हिला धरणंच हवीत. माझा मुलगा दिलीप बेरकी. म्हणाला, "आजी व्हय म्हनली तर जा." त्याला ठाऊक, माझं माहेर जायकवाडीच्या पाण्याखाली गेलंय. धरणाचं नाव निघालं की मी ताटावरून उठते.

"बघितल्याबिगर न्हाई म्हननार न्हाई," मी म्हणाले. "दाखव एखादं."

तिनं भंडारदरा निवडला. तिथलं पाणी प्रवरेतून गोदावरीत आणि तसंच माझ्या माहेरावर येतं म्हणे. मी पिशवीत खण-नारळ टाकला. तिथंच पाण्याची ओटी भरू, ते खाली पोचवेल.

शेवगावहून सकाळीच निघा. नेवाशावरून संगमनेर, मग अकोले, राजूर. गाड्या बदलाव्या लागतात, पण म्हातारीला एसटी फुकट आणि नातीला अर्धं तिकीट. कंडक्टर म्हणाला, "आजी, कार्ड दाखवा."

"तोंड बघ की बाबा. कार्डापेक्षा जुनं हाय."

तरी बघितलंच त्यानं.

वाटेत ऋतुजा आधीच पास झालेल्या मित्रमैत्रिणींचं सांगत होती. एकजण सुप्याला कारखान्याच्या शेडा उभारतो, एकीनं बिल्डरकडं सिमेंट-सळईचा हिशोब धरलाय, दोघं सरकारी परीक्षेसाठी पुण्यात खोली करून राहिलेत.

"आनि लगीन कुनी केलं?"

"आजी!"

राजूरला पेढे घ्या. मी घेतले, वाटेतच संपले. धरणाजवळच्या शेंडी गावात एका घरात उतरलो. घरमालकिणीनं नाचणीची भाकरी आणि पिठलं वाढलं. मी दोनदा मागून घेतलं.

सकाळी दार उघडलं तर डोंगरच नव्हते. नुसतं धुकं, आणि त्याच्या खाली पाणी श्वास घेतंय असं वाटावं. काठाची सोनकीची फुलं पिवळी होऊन भिजलेली. मी किती वेळ बसले कोण जाणे. एकदा वाटलं, आत्ता धुक्यातून आई घागर घेऊन येईल आणि म्हणेल, कवा आलीस गं?

ऊन चढल्यावर ऋतुजानं खालून भिंत दाखवली. दगडी, काळी, कुठंकुठं ओली.

"फुटली का काय?"

"न्हाई गं. प्रत्येक धरण थोडं झिरपतंच. किती झिरपतं ते मोजत राहायचं. एकदम वाढलं तर समजायचं, आत काहीतरी बिघडलंय."

"आनि मोजायला कुनी गेलंच न्हाई तर?"

ती भिंतीकडं बघत राहिली. मी घरातल्या आजाऱ्याकडं बघते ना, तशी.

मला जायकवाडी आठवलं. त्याच्यासाठी आमची घरं गेली, चिंच गेली, देऊळ गेलं. एवढं घेऊन उभं राहिलेल्या भिंतीकडं कुणी ढुंकूनही बघू नये? मग ते सगळं गेलं कशासाठी?

मी पिशवीतून खण-नारळ काढला. "ओढनी पसर."

"आजी, पान्याची ओटी भरायची हुती ना? आनि माझं लगीन कुठं झालंय?"

"माझ्या माहेरच्या पान्यावर कामाला चाललीस. रिकाम्या ओटीनं धाडू व्हय?"

ती हसली, मग रडली, मग फोटो काढू लागली. आजकालच्या पोरींना तिन्ही एकदम जमतं.

घरी आलो तर दिलीप दारातच. "काय गं आई, व्हय का न्हाई?"

"नारळ तिच्या ओटीत हाय. काय समजायचं ते समज."

तो ऋतुजाच्या ओढणीकडं बघत राहिला. मग गपचूप तिची बॅग आत नेली.

परवा जायकवाडीच्या काठावर गेले होते. पाणी माझ्या गावावर शांत पसरलेलं. पहिल्यांदाच चपला काढून पाय बुडवले. आईला सांगितलं, तुझी पणती वरच्या अंगाला भिंतीला कान लावून बसणार आहे. झोप निवांत.