आमच्या गल्लीतले ओटे

आमच्या गल्लीत प्रत्येक घराला ओटा होता. कुणाचा शहाबादी फरशीचा, कुणाचा नुसत्या सिमेंटचा, कुणाचा हिरवा रंग फासलेला. एकाची उंची दुसऱ्याशी जुळत नव्हती. सोलापुरात आमच्या भागातल्या बायका विड्या वळायला ओट्यावरच बसतात, कारण घरात उजेड नसतो. सकाळी गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंना मांडीवर सूप घेतलेल्या बायका दिसायच्या. आमची गल्ली त्यावरून ओळखू यायची.

आता तसं काही दिसत नाही. ते मी घालवलं.

माझ्या मुलानं जुनी मोटार घेतली. समोरच्या तेलुगू शेजारणीचा ओटा हातभर पुढे आलेला, त्यामुळे मोटार वळेना. तिला तोंडावर सांगायची लाज वाटली. चाळीस वर्षांची ओळख. मी चौथी शिकले आहे, अर्ज लिहिता येतो. लिहिला आणि महापालिकेच्या कचेरीतल्या तक्रारपेटीत टाकला. खाली नाव घातलं नाही. वाटलं, तेवढा हातभर तोडतील.

माणसं आली आणि त्यांनी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी धरली. सगळेच ओटे दोरीबाहेर निघाले, माझाही. दुपारपर्यंत मशीननं सगळं साफ केलं. दारं रस्त्यापासून दोन फूट वर राहिली. कुणी दगड रचले, कुणी लोखंडी पायरी आणून लावली.

"कुणाच्या पोटात दुखलं गं? वाटोळं हुईल त्याचं," बायका म्हणत होत्या. सगळ्यांत मोठ्यानं मीच शिव्या दिल्या.

शेजारीण विधवा, विड्यांवरच तिचं चालतं. ती आत बल्बखाली बसायला लागली. डोळे अधू, पानातलं भोक दिसेना. कारखान्यात तिच्या विड्या बाद व्हायला लागल्या. तिथला तपासणारा तिला म्हणाला, "अम्मा, आता बास करा." हे कळल्यावर मला जेवण जाईना. उठून तिच्या घरी गेले.

"अर्ज मी दिलता," मी म्हटलं.

तिनं मान वर केली नाही. "म्हाईत हाय. त्या दिवशी लईच शिव्या देत हुतीस की."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलून ओटा येतो का, अक्का?" तिनं विडीचा दोरा ओढून बांधला. "मोटार तरी वळती का आता?"

ओटे गेले त्या जागेवर ज्यानं त्यानं आपली गाडी लावली आहे. आमची मोटार गल्लीच्या तोंडाशीच उभी असते.

"न्हाय," मी म्हटलं.

तिनं पानांचा गठ्ठा आणि कात्री माझ्यापुढे सरकवली. "मग बस. पानं काप. भोकाचं तेवढं बाजूला काढ."

मी बसले. पान बल्बाजवळ धरलं, फिरवून पाहिलं. मलाही नीट दिसत नव्हतं.