आगाशेबाईंचं ओलं दार

आगाशेबाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी भिंतीला भेटत, मग माणसांना. आमच्या दिवाणखान्यात त्यांचं पहिलं वाक्य होतं, “हा रंग तुम्ही निवडलात, की शिक्षा झाली?” जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेली. त्यांनी नुसतं बघितलं की तारेवरचे कावळे सरळ रेषेत बसत, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

बिबवेवाडीतली आमची सोसायटी आणि शेजारची, मध्ये भिंत, भिंतीत लोखंडी दार. त्यांचा नारळ आमच्या चेअरमनांच्या, कुलकर्णींच्या, स्कूटरवर पडला, आम्ही तो खाल्ला आणि दाराला कुलूप लागलं. सहा वर्षं अबोला! आमचे डाससुद्धा तिकडे चावायला जात नसत. हाल झाले बाईंचे. त्यांची जिवाभावाची कुसुमताई पलीकडे, अंथरुणाला खिळलेली. आणि चौकातून वळसा घालायला बाईंचे गुडघे तयार नव्हते.

मग बाईंनी टूम काढली. घरोघरी उरलेले रंगाचे डबे आणायचे आणि दोन्ही सोसायट्यांनी भिंत रंगवायची.

“आमची बाजू आम्ही रंगवू,” कुलकर्णी म्हणाले.

“आपणच काढायचं, आपणच बघायचं? त्याला आरसा म्हणतात, कुलकर्णी. तुम्ही त्यांची बाजू रंगवा, ते आपली रंगवतील.”

झालं, कुलूप निघालं! पलीकडचे चेअरमन खेडकर आमच्या बाजूला आले आणि त्यांनी भिंतीवर नारळाच्या झाडाचं चित्र काढलं. खाली स्कूटर. कुलकर्णी ब्रश घेऊन धावत आले.

“अहो खेडकर, माझी स्कूटर इतकी वाकडी नव्हती!”

“नारळाच्या आधी, की नंतर?”

कुलकर्णी इतके हसले की बिबवेवाडीतली निम्मी कुत्री भुंकायला लागली.

शेवटी दारही रंगलं. संध्याकाळी कुलकर्णी सवयीने कुलूप घेऊन हजर.

“ऑइलपेंट आहे,” बाई म्हणाल्या. “ओल्यात लावलंत तर चौकटीला चिकटेल. वाळू द्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी दाराला आणखी एक हात मारला. तिसऱ्या दिवशी आणखी एक. “कलेला घाई चालत नाही,” असं म्हणत त्या पदर सावरून ओल्या दारातून कुसुमताईंकडे चहाला जात. रोज.

गेल्या वर्षी बाई गेल्या. चारच दिवसांनी पाहतो तर कुलकर्णी आणि खेडकर दारापाशी, पिवळा की निळा यावर भांडत, दाराला रंग देतायत. आता इतके थर चढलेत की कुणी बंद करायचं म्हटलं तरी दार चौकटीत मावत नाही.