बिनगोळीची शिकार

खोटे बोलून सुटू पाहणारे मला नोकरीत शेकड्यांनी भेटले. खोटे बोलून कोठडीत जाऊ पाहणारा मात्र एकच भेटला. निवृत्तीनंतरही तो प्रसंग आठवला की आधी हसू येते आणि मग जरा हायसे वाटते.

तेव्हा मी लालबाग-परळ भागातल्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. सकाळी फोन आला. नाव न सांगता एकाने कळवले की अमुक चाळीत, दुसऱ्या मजल्यावर रानडुकराचे मांस आहे आणि गॅलरीत त्याची कवटी वाळत घातली आहे. मांसाचा मसाला कसा होता, हेही त्याने न विचारता सांगितले. खबऱ्या त्याच पंगतीत दोनदा वाढून घेऊन उठला होता, एवढे मी तेव्हाच ओळखले.

रानडुक्कर मारणे गुन्हा, त्याचे मांस बाळगणेही गुन्हा. ठाणे डायरीत नोंद केली, दोन पंच घेतले आणि निघालो. गॅलरीत पत्र्याच्या डब्याखाली, कावळ्यांपासून जपून ठेवलेली पांढरीशुभ्र कवटी होती. घरात स्टीलच्या डब्यात हळद-मीठ लावून धुरावलेले मांस होते. घरमालक महापालिकेत नोकरीला, वय सत्तावन्न, निवृत्तीला चार महिने राहिलेले. गॅलरीत सगळी चाळ जमली होती. मी सर्वांसमोर विचारले, "हे कुठून आणलं?"

त्याने एकदा शेजाऱ्यांकडे पाहिले आणि म्हणाला, "मी मारलंय साहेब. गावाला, सड्यावरच्या रानात. लिहून घ्या."

इतक्या सहज कबुली मिळाली की पोलिसाने सावध व्हायला हवे. मी झालो नाही.

ठाण्यात जबाब घ्यायला बसलो, तर हा माणूस थांबेना. शिकारीचे वाटे कसे पडतात ते त्याने सांगितले: एक वाटा बंदुकीचा, एक कुत्र्यांचा, आणि डोके मारणाऱ्याचे. मांस पडल्या जागी लगेच सोलून, पानांवर पसरून गार करायचे, नाहीतर उन्हाने फुकट जाते. मग चुलीवर टांगून धुरावायचे. डोके सोडा घातलेल्या पाण्यात मंद आचेवर ठेवायचे. उकळी फुटू द्यायची नाही, दात सुटतात. चमच्याच्या दांड्याने खरवडायचे, मेंदू वाकवलेल्या तारेने काढायचा, शेवटी केमिस्टकडचे औषध कापसाने लावून पांढरे करायचे. लिहिणारा हवालदार मान डोलावत होता. एवढे बारकावे कोणी बनवून सांगत नाही, असे मलाही वाटले.

फक्त एक प्रश्न राहिला होता. "गोळी कुठं लागली?"

"कपाळात. मधोमध."

कवटी माझ्या टेबलावरच होती. मी ती उचलून उलटीपालटी केली. कपाळ धडधाकट होते, साधा चराही नव्हता. तो खाली बघत म्हणाला, "मग मानेत लागली असेल."

पेन मी बंद केले. गुन्हा दाखल करून त्याला अटक केली असती आणि कोठडी अठ्ठेचाळीस तासांवर गेली असती, तर नियमाप्रमाणे निलंबन होते. चार महिन्यांवर आलेली निवृत्ती चौकशीत अडकली असती. त्यालाही हे ठाऊक होते. तरी जबाब बदलायला तो तयार नव्हता.

दुपारी वन विभागाने प्राण्यांचे एक डॉक्टर पाठवले. त्यांनी माझ्याच टेबलावरची फूटपट्टी घेतली आणि कवटीच्या नाकापासून कपाळापर्यंत टेकवली. मधे दोन बोटे सहज जातील एवढी फट राहिली. रानडुकराचे तोंड सरळ असते, पट्टी अंगाला लागून बसते, असे त्यांनी समजावले. हे डुक्कर पाळलेले होते.

त्याची बायको बाहेर बाकड्यावर सकाळपासून बसून होती. तिला आत बोलावले. तिने नवऱ्याकडे न बघता सांगून टाकले, "साहेबांनू, ह्येंनी जल्मात कधी कोंबो कापूक नाय. बंदूक हातात खंयसून धरतले?" तालुक्याच्या बाजारातल्या विकणाऱ्याचा नंबरही तिच्याकडे होता. त्याला फोन लावला. अर्धे डुक्कर आणि डोके आपणच विकल्याचे त्याने लगेच सांगितले.

मी सगळ्यांना बाहेर काढले आणि दार लोटले. मग तो रडला. वडील गावातले नावाजलेले शिकारी, आदल्या वर्षी गेले. घरच्या ओटीवर त्यांच्या काळातल्या कवट्या रांगेने टांगलेल्या. भाऊबंद म्हणाले होते की तुझ्या नावाची एकही लागायची नाही. म्हणून विकतचे डोके आणून त्याने वडिलांसारखे साफ केले. चाळीत मित्रांना जेवायला वाढताना 'शिकार' हा शब्द तोंडून गेला, आणि मग मागे घेता येईना.

चूक माझीही होती. तो पहिला प्रश्न मी त्याला बाजूला घेऊन विचारला असता, तर दहा मिनिटांत काम आटोपले असते. माणूस शिक्षेला भितो, पण हसे व्हायला त्याहून जास्त भितो. त्या दिवसापासून मी कोणालाही चार लोकांत पहिला प्रश्न विचारला नाही.

डायरीत 'तक्रारीत तथ्य आढळले नाही' असे लिहिले आणि संध्याकाळी डबा व कवटी घेऊन स्वतः त्याला पोचवायला गेलो. माझ्या छातीवरचे ओझे उतरले होते, त्याचे अजून नव्हते. गॅलरीत सकाळचीच सगळी माणसे उभी होती. मी मागेच थांबलो. खरे काय ते सांगायचे की नाही, हे त्याच्यावर होते.

जिना चढून तो थांबला. "डुक्कर विकत आणलेलं," तो म्हणाला. "पाळीव. मी काय मारलं बिरलं नाय."

समोरच्या खोलीतला म्हातारा मित्र खुर्चीत धपकन बसला आणि त्याने कपाळावरचा घाम पुसला. "आयला, सकाळपासून आम्हाला वाटतंय, आता खाणाऱ्यांची पण नावं लिहितात. उरलंय काय रे त्यातलं?"

मग मात्र चाळ हसली, आणि तोही हसला. डबा तिथेच उघडला गेला आणि मांस तव्यावर परतले गेले. मला बशी आली. मी ड्युटीवर होतो आणि चार फोडी खाल्ल्या, ही कबुली आज पहिल्यांदाच देतो आहे.