आईची कबर उघडली त्या सकाळी

बोरीवलीच्या आमच्या गावठाणाची सिमेट्री एवढीशी. प्लेगात माणसं पटापट मेली तेव्हा गावाने शेताची कड दिली, आणि घरोघरचे वासे-कौलं आणून चॅपल उभं केलं, असं आजोबा सांगायचे. पुढे चहूबाजूंनी बिल्डिंगी उठल्या. जागा तेवढीच राहिली, मरणारे वाढले. म्हणून काही वर्षांनी जुनी कबर उघडायची, हाडं चॅपलमागच्या हाडांसाठीच्या कोरड्या विहिरीत ठेवायची आणि जागा दुसऱ्याला द्यायची. घरचं माणूस हजर लागतंच.

आईच्या कबरीची पाळी आली आणि माझी पाचावर धारण बसली. घोळ मीच घातला होता ना! आई जन्मभर सुती लुगडं नेसली. मी ऑफिसात चिकटले तेव्हा हौसेने तिला गुलाबी नायलॉनची साडी घेतली. तिने ती एकदाही अंगाला लावली नाही. ती गेली तेव्हा मी हट्टाने तीच नेसवली. मावशी कानीकपाळी ओरडत होती, "अगं, लुगडं नेसव. नायलॉनमध्ये माणूस मातीला मिळत नाही." मी म्हटलं, काहीतरीच तुझं!

आता रोज डोळ्यांसमोर तेच. आई तशीच असली तर? अर्धीमुर्धी असली तर? नवऱ्याला म्हटलं, तू जा ना रे. तर म्हणतो, "आई तुझी आहे ना?" मेला!

शेवटी मावशीला घेऊन गेले. चॅपलात मेणबत्ती लावताना तीन काड्या विझल्या. कबर खोदणारा म्हातारा खड्ड्यात उतरला. फावड्याचा आवाज मऊ झाला तसे मी डोळे गच्च मिटले.

"बाय, बघ. हाडंच हायेत. साफ झालीत."

बघितलं. खरंच हाडं होती, आणि त्यांच्यावर साडी. काठाशी काळपट, बाकी गुलाबीच्या गुलाबी. सुटले एकदाची, असं वाटून मला रडू फुटलं.

म्हाताऱ्याने हाडं टोपलीत घेतली. मग साडी झटकून माझ्यापुढे धरली. "ही विहिरीत नाय चालत, बाय. कुजत नाय. तू ने."

मावशी चार पावलं मागे सरली. मला टाकवेना, जाळवेना. आईच्या अंगावरची होती ती! पिशवीत घालून घरी आणली, मोरीतल्या बादलीत भिजत टाकली आणि बाहेरून कडी लावली. संध्याकाळपर्यंत कुणाला आत जाऊ दिलं नाही. नवरा विचारत राहिला, काय झालं गं? काय सांगणार, कपाळ! आईची भीती मला जन्मात कधी वाटली नव्हती, आणि त्या दिवशी ती कडी काढायची माझी छाती होईना.