तपकिरी झाकण

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोटच्या मुलीला नाही. तुम्ही माझे कोण लागता? कोणी नाही — म्हणून तुम्हाला सांगते.

सिल्वासात एका शाळेत मी झाडलोट करायची. तिथल्या विज्ञानाच्या सरांनी कुठल्याशा बंद पडलेल्या संग्रहालयातून जुन्या शंखांच्या पेट्या आणल्या होत्या. ते धुऊन-पुसून मांडायचं काम माझ्याकडे आलं. माझं माहेर बोर्डीचं, समुद्रकाठचं. शंख हातात धरायला मला कोणी शिकवावं लागलं नाही.

एक दिवस एक शंख सापडेना. सरांनी मला भर वर्गासमोर उभं केलं. "काशीबाई, पदर झटका." झटकला. "डबा उघडा." उघडला. आत बोंबलाची चटणी. शिपाई ओरडला, "साहेब, शंख नथी, सुका बुमला छे!" पोरं नाक दाबून हसली. सरही हसले. शिपायाचं सोडा, पोरांचं सोडा — सर हसले.

शंख दुसऱ्या दिवशी त्यांच्याच चष्म्याच्या घरात निघाला. "मिळाला बरं का," म्हणाले. बस्स. पुन्हा वर्ग बोलावला का? नाही.

मी पुन्हा पेट्या पुसायला बसले. मला घाई नव्हती.

सरांचा सगळा जीव एका गोगलगाईत अडकला होता. समुद्रातली, सुपारीएवढी, अंगावर तांबूस नागमोडी रेघा. तिचे रिकामे शंख एक-दोघांनी पाहिलेले, पण झाकण कोणीच पाहिलेलं नाही, असं ते पोरांना सांगायचे. गोगलगाय आत शिरली की त्या झाकणाने दार लावून घेते. काहींचं झाकण चुन्यासारखं पांढरं आणि जाड, काहींचं नखासारखं पातळ, तपकिरी. "शंख फसवतात, झाकण फसवत नाही," सर म्हणायचे. झाकण मिळालं की ही गोगलगाय कोणत्या घराण्यातली ते ठरणार, आणि ठरवणारे सर असणार. मला बजावून ठेवलं होतं — तसला शंख दिसला तर धुऊ नका, आधी मला हाक मारा.

दिसला. शेवटच्या पेटीत, तळाशी. तोंडात कापूस कोंबलेला. कापूस ओढला तर मागे झाकण — पातळ, तपकिरी.

मी हाक मारली नाही.

झाकण काढून रुमालाच्या गाठीत बांधलं. रविवारी माहेरी गेले. भाऊ म्हणाला, "काय गं, या वयात शिंपले वेचतेस?" मी म्हटलं, "नातीला खेळायला." पांढरी झाकणं वेचली आणि त्या शंखाच्या तोंडात बरोबर बसेल असं एक निवडलं. रागाच्या भरात केलं असं म्हणू? राग एवढा वेळ टिकतो का? मी शांतपणे केलं. सोमवारी कापूस होता तसा लावला आणि हाक मारली.

सरांनी शंख खिडकीच्या उजेडात धरला. "काशीबाई, तुम्ही मला काय दिलंत, तुम्हाला कळणार नाही!"

मला कळत होतं.

त्यांनी लेख लिहिला, फोटो छापले, शंख घेऊन पुण्याला मोठ्या लोकांत गेले. तिथे एका तरुण बाईने भिंग लावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं — शंख जुना, झाकण ताजं. नाव कमवायला सरांनीच बसवलं असणार, असं लोक बोलले. म्हणजे त्यांनाही कोणीतरी पदर झटकायला लावला. शाळेत ही बातमी आली तेव्हा मी फरशी पुसत होते. त्या दिवशी फरशी लख्ख निघाली.

इथवर मला काही वाटत नाही. उद्या पुन्हा करीन.

पण सांगायचं होतं ते पुढचं आहे. मी काम सोडल्यावर, बऱ्याच वर्षांनी, सर डोकमर्डीला आमच्या घरी आले. वाळलेले. माझ्या जावयासमोर हात जोडले. "काशीबाई, त्या दिवशी तुमचा डबा उघडायला लावला, हसलो. चुकलो मी. मी आधीच यायला हवं होतं." मी चहा ठेवला. चहा घेताना त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "एकच सांगा. शंख सापडला तेव्हा झाकण कसं होतं हो?"

एका शब्दाचं काम होतं. तपकिरी. तेवढ्याने त्यांच्या नावावरचा डाग पुसला गेला असता. माफी तर मागून झाली होती — मग मला आणखी काय हवं होतं?

"पांढरं," मी म्हटलं. "पांढरंच होतं, सर."

त्यांनी मान हलवली. बशीतला चहा संपवला आणि गेले.

त्या वेळी मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, खूप बरं वाटलं.

सर अजून आहेत, अथालला मुलाकडे राहतात. परवा भाजीबाजारात भेटले. काठी सावरत त्यांनीच आधी नमस्कार केला. "काशीबाई, बरं आहे ना?" मी म्हटलं, "बरं आहे."

झाकण माझ्या सुईदोऱ्याच्या डबीत आहे. अजून तपकिरीच आहे.