आक्कांच्या गिरणीतलं खुंटीयंत्र

आधी आक्कांचं सांगतो, मग माझं. आक्कांची गिरणी नसती, गिरणीमागची ती मिरच्यांची खोली नसती आणि त्यांची ती धारदार जीभ नसती, तर मी कोल्हापुरात टिकलोच नसतो.

उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत त्यांची गिरणी. एका बाजूला दळण, दुसऱ्या बाजूला मिरची कांडायचा डंका. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच चालवत होत्या. सगळी गल्ली त्यांना आक्का म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो. मी पहिल्यांदा पीठ न्यायला गेलो, तेव्हा स्विचबोर्डाच्या वर बुद्धाची तसबीर दिसली. आमच्या घरी भंडाऱ्याला आहे, अगदी तशीच, निळ्या चौकटीतली. मी बघतच राहिलो.

"काय पावणं, पीठ न्यायला आलायसा का दर्शनाला?"

"नाही जी, पीठच."

"जी? कुठलं म्हणायचं तुमी?"

भंडारा म्हटल्यावर त्यांना कळेना. नागपूरच्या पुढं, असं सांगितल्यावर चेहरा उजळला. "नागपूर! दीक्षाभूमी बगायची ऱ्हायलीय माझी. गिरणी बंद ठेवून जायाचं कसं, सांग." त्या दिवसापासून मी त्यांचा पावणं. पुढं रोज तिथं उठबस झाली, तरी पावणंच.

माझी शाळा आठवीत सुटली. ओळखीच्या एकाबरोबर कोल्हापूरला आलो आणि एका पॅटर्नच्या कारखान्यात लागलो. फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, वाळूत साचा उठवायला आधी लाकडाचा हुबेहूब नमुना लागतो, तो पॅटर्न. आमच्या मालकांनी मला रंध्यापासून सगळं हाताला धरून शिकवलं. मोजायला, आखायलासुद्धा मी तिथंच शिकलो. शाळेत भूमितीच्या तासाला माझ्याजवळ कंपासपेटीच नव्हती.

नव्वदीचं दशक संपत आलं आणि फौंड्र्यांचं काम बसलं. एके दिवशी मालक खाली बघत म्हणाले, "उन्हाळा संपंतोवर बघू. न्हाईतर तू गावाकडं जाऊन ये काही दिवस." जाऊन ये, म्हणजे जा. मला रात्रंदिवस एकच दिसायचं: मी स्टेशनवरून घरी चालत येतोय आणि पारावरची माणसं म्हणताहेत, बाप्पा! आला ना परत, म्हटलं नव्हतं का. आईनं शेजारी सांगून ठेवलं होतं की पोरगा कोल्हापुरात कारागीर झाला.

त्याच सुमारास चित्रकलेचे एक सर कारखान्यात आले. ते उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना हातानं फेकायची ग्लायडर विमानं करायला शिकवायचे. प्रत्येक विमानाच्या पंखात पातळ लाकडाच्या सारख्या आकाराच्या फासळ्या लागतात, माशाच्या पोटाच्या आकाराच्या. एकेक फासळी करवतीनं कापता कापता मुलांची सुट्टी संपायची आणि विमान उडायचंच राहायचं. "अशा फासळ्या एकसारख्या, ढिगानं कुणी करून देईल का?" त्यांनी विचारलं. मालक हसले. "सर, आम्ही पंपाचे पॅटर्न करणारी माणसं." मी मात्र बोलून बसलो, "मी करून देतो जी."

सर म्हणाले, यंदा जमलं तर दरवर्षी लागतील, आणखी दोन-तीन शाळांनाही लागतील. म्हणजे माझं कोल्हापूर त्या फासळ्यांवर आलं.

हातानं तेवढं होणार नव्हतं. मोठ्या कारखान्यात मी एक यंत्र लांबून पाहिलं होतं. वरून मोटर टांगलेली, तिच्या टोकाला फिरणारं पातं, आणि बरोबर त्याच्या खाली टेबलात एक खुंटी. लाकडाच्या खाली मूळ नमुना ठोकायचा आणि नमुन्याची कड खुंटीला टेकवून फिरवत न्यायचं. खाली खुंटी जशी जाईल तसं वर पातं कापत जातं. एक नमुना नीट केला की त्याच्यासारख्या हव्या तेवढ्या फासळ्या. मालकांकडं तळ फुटलेला एक राऊटर, म्हणजे लाकूड कोरायची हातातली मोटर, अडगळीत होता. मागितला. "ने. पण बोटं तेवढी परत आण," म्हणाले.

राऊटर मिळाला, पण ठेवायचा कुठं? माझ्या खोलीत तिघं होतो, कुशीवर वळायचं तरी दुसऱ्याला सांगावं लागायचं. आक्कांना विचारायला गेलो आणि दोनदा नुसतं पीठ घेऊन परत आलो. तिसऱ्यांदा त्यांनीच धरलं. "पावणं, एवढं पीठ कोण खातंय तुमच्यात? बोल की काय ते."

सांगितलं. त्यांनी मागची मिरच्यांची खोली उघडून दिली. पोती एका बाजूला सरकवली, गिरणीच्या मीटरवरून वायर ओढून दिली, वर शिलाई मशीनचं एक बिडाचं स्टँड दिलं. "मशीन मोडली, पायडल जितं हाय."

ते पायडलच कामाला आलं. सागाच्या दोन खांबांना खाचा पाडल्या आणि राऊटर त्यांतून वर-खाली सरकेल असा बसवला. सायकलच्या स्प्रिंगनं तो वर राहायचा, पायडल दाबलं की खाली. म्हणजे दोन्ही हात लाकडाला मोकळे. खुंटी बरोबर पात्याच्या खाली कशी आणायची, यात माझे दिवस गेले. ओळंबा लावून पाहिला, दोरा लावून पाहिला, केसभर फरक राहायचाच. शेवटी सुचलं ते अगदी साधं होतं. राऊटर खांबांत पक्का बसवला आणि पायडल दाबून त्याच्याच पात्यानं टेबलाला भोक पाडलं. पातं जिथं, भोक तिथं. त्या भोकात पात्याच्याच जाडीची, मोडक्या ड्रिलची दांडी ठोकली. झाली खुंटी.

लाकूड पांगाऱ्याचं घेतलं, सावंतवाडीकडं खेळण्यांना वापरतात ते. हलकं, मऊ. पहिली फळी लावली आणि यंत्र चालू केलं. फळी मी उलट्या बाजूनं आत घातली होती. पात्यानं ती माझ्या हातातून हिसकली आणि ती भिरभिरत मिरच्यांच्या पोत्यावर जाऊन आदळली. त्यात राऊटरचा वारा. कोपऱ्याकोपऱ्यातलं तिखट उठलं. मी खोकत, डोळे चोळत बाहेर पळालो. दळणाला आलेल्या बायका पदर तोंडाला लावून उभ्या.

"मुडद्या, इमान करतोयस का बॉम?" आक्का ओरडल्या. मग स्वतःच शिंकल्या, आणि शिंकता शिंकता हसायला लागल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळी पोती पुढच्या बाजूला हलवली. डंक्याला त्यामुळं अडचण व्हायची, पण मला कधी बोलून दाखवली नाही. बाकी सगळं बोलायच्या.

सरांनी कागदावर मापं घालून आकृती दिली होती. मी कारखान्यातल्या माझ्या नेहमीच्या स्टीलच्या पट्टीनं प्लायवर ती आखली, घासून घासून नमुना केला आणि फासळ्या कापायला बसलो. एकामागून एक, रेखीव फासळ्या पडू लागल्या. मला इतका आनंद झाला की भीतीच वाटली. आपलं सरळ होतंय म्हणजे कुठंतरी चुकतंय, असं मला तेव्हा कायम वाटायचं.

चुकलंच होतं. सर विमानाचं धड घेऊन आले. पंख बसायची खाच त्यांनी स्वतः कापली होती. माझी फासळी त्या खाचेत जाईना. दुसरी लावली, तीही नाही. सगळ्या थोड्याशा मोठ्या. सर चांगले माणूस, आवाज चढवला नाही. "परवा वर्ग सुरू होतोय. नाही जमलं तर राहू दे, यंदा मुलं हातानंच कापतील." ते गेले आणि मी पाना घेऊन यंत्र खोलायला बसलो. खुंटी हलली असणार. नाहीतर खांब. नाहीतर मीच. मनात मी तिकीट काढून गाडीत बसलोही होतो.

आक्का चहा घेऊन आल्या. "काय उसकटतोयस?"

"यंत्र चुकलं जी. सगळ्या मोठ्या झाल्या."

त्यांनी टोपलीतल्या फासळ्या उचलल्या आणि भाकरीची चवड लावावी तशा एकावर एक रचल्या. कडेवरून बोट फिरवलं.

"समद्या सारख्या हायत की."

"हो, पण मोठ्या."

"आरं, समद्या सारख्याच मोठ्या. यंत्र चुकलं असतं तर एक ल्हान, एक थोर झाली असती. ह्येनं तू सांगितलं तसंच केलंय बिचाऱ्यानं. तू काय सांगितलंस त्येला?"

मी नमुना दिला. त्यांनी जुन्या शिवणाच्या डब्यातली ब्लाऊजच्या मापाची टेप आणून त्याच्यावर धरली. मी माझी पट्टी धरली. दोन्हींचा आकडा जुळेना.

"तुझी पट्टी खोटी हाय की रं!"

आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. पट्टी खोटी नव्हती, ॲल्युमिनियमची होती. म्हणजे ॲल्युमिनियमच्या कामाची. वितळलेला धातू थंड होताना आक्रसतो, म्हणून पॅटर्न मुद्दाम जरा मोठा करतात. दर वेळी हिशेब नको, म्हणून आमच्याकडं पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा सेंटीमीटर जगातल्या सेंटीमीटरपेक्षा किंचित मोठा. माझ्या हाताला तीच एक पट्टी माहीत होती. पांगाऱ्याचं लाकूड काही वितळून थंड होणार नव्हतं. मी मुलांच्या विमानाला ओतकामाचं माप घातलं होतं!

हे मी आक्कांना समजावलं, तर त्या खांबाला टेकून हसल्या. "म्हंजे ही पट्टी घिऊन साडी आणली तर जास्ती मिळंल का?" मलाही हसू फुटलं, किती दिवसांनी. त्या क्षणापर्यंत मला पुरतं कळलं नव्हतं की यंत्र चांगलं झालंय. चुकीच्या फासळ्यांची ती चवड माझ्यासमोर होती. एकही फासळी दुसरीपेक्षा पुढं आलेली नव्हती.

शेजारच्या मुलीच्या कंपासपेटीतली प्लास्टिकची पट्टी आणली. नवा नमुना केला. दुसरा दिवसभर पायडल दाबत राहिलो. आक्का दळणाच्या मधून मधून डोकावून "पावणं, जेवा की," म्हणत राहिल्या. निरोप मिळाल्यावर संध्याकाळी सर पुन्हा धड घेऊन आले. फासळी खाचेत टेकवली, अंगठ्यानं हलकं दाबलं. टक्. बसली. सरांनी पुन्हा काढली, पुन्हा बसवली. "सगळ्या अशाच?" त्यांनी विचारलं.

"समद्या सारख्या हायत," मागून आक्काच म्हणाल्या.

वर्ग संपल्यावर कळंब्याच्या तलावाजवळच्या माळावर मुलांनी विमानं उडवली. काही नाकावर आपटली, काही चांगली लांब गेली. एक तर वाऱ्यावर चढून झाडांपलीकडं दिसेनासं झालं आणि त्याची मालकीण रडायच्या ऐवजी नाचायला लागली. मी मागं उभा होतो. माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं आणि मला ते बरं वाटत होतं.

मी गावाकडं गेलो नाही. सरांनी पुढच्या वर्षी मागितल्या, आणखी शाळांनी मागितल्या, मग लाकडी कोडी, खेळण्यांची चाकं, मखराच्या कमानी. मालकांनीही एकदा येऊन यंत्र पाहिलं, खुंटीला बोट लावलं आणि म्हणाले, "बोटं धाच्या धा हायत न्हवं?" दोन हजार सालानंतर मी गल्लीतच गाळा घेतला. आता लेझरनं कापून देणारे आलेत. माझ्याकडंही नवी यंत्रं आहेत. पण फासळ्या मी अजून त्या पायडलवरच काढतो. आणि ॲल्युमिनियमच्या कामाची पट्टी वेगळ्या खिळ्याला, लाल दोरा बांधून टांगलेली असते.

आक्का आता थकल्यात. डंका बंद केला, गिरणी अजून चालवतात. मी काही द्यायला गेलो की म्हणतात, "ठेव तुझ्यापाशी. पावण्याकडनं घेत्यात व्हय?" पण एक ठरवून ठेवलंय. एकदा त्यांच्या गिरणीला कुलूप लावीन आणि किल्ली माझ्या खिशात ठेवीन. इथून थेट गाडी आहे. आधी दीक्षाभूमी, आणि तिथून पुढं भंडारा. आमच्या घरात निळ्या चौकटीतल्या तसबिरीखाली त्यांना पाटावर बसवीन, आई वाढील, आणि मी म्हणेन, पावणं, जेवा की. आक्का, हा माझा शब्द आहे.